वाटेत ऊर्जा कुठे गेली?

नाशिकहून पुण्याला तुम्ही एस.टी.ने गेला असाल. सिन्नर मागे पडते, संगमनेर येते, मग आळेफाटा आणि त्यानंतर नारायणगाव. या नारायणगावच्या पूर्वेला थोड्या अंतरावर खोडद नावाचे गाव आहे. तिथे शेतांच्या मधोमध मोठमोठ्या तबकड्या आकाशाकडे तोंड करून उभ्या आहेत. एकेका तबकडीचा व्यास ४५ मीटर आहे. अशा एकूण ३० तबकड्या आहेत. त्यांपैकी १४ जवळजवळ आहेत आणि उरलेल्या १६ तीन दिशांना दूरदूरच्या गावांपर्यंत पसरल्या आहेत. या सगळ्या मिळून एकच दुर्बीण बनते. तिचे नाव जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप. सगळे तिला जीएमआरटी म्हणतात.

डॉ. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली टाटा मूलभूत संशोधन संस्थेने ही दुर्बीण १९९० च्या दशकात उभारली. तिच्या तबकड्या पत्र्याच्या नाहीत. त्या बारीक तारेच्या जाळीच्या आहेत. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून तबकडी हलकी ठेवता आली आणि खर्चही वाचला. मग जाळीतून आकाशातल्या लहरी निसटून जात नाहीत का? नाही. ही दुर्बीण ज्या रेडिओलहरी पकडते त्या जाळीच्या भोकांपेक्षा पुष्कळ लांब असतात. चाळणीतून पीठ खाली पडते, पण हरभरे वरच राहतात, तसेच हे आहे.

जानेवारी २०२३ मध्ये या दुर्बिणीची एक बातमी जगभर गेली. फार दूरच्या एका दीर्घिकेतून आलेली रेडिओलहर तिने टिपली होती. दीर्घिका म्हणजे अब्जावधी ताऱ्यांचा समूह. आपला सूर्य ज्या दीर्घिकेत आहे तिला आपण आकाशगंगा म्हणतो, उर्दूत तुम्ही कहकशाँ म्हणता. बातमीतल्या दीर्घिकेतून ती लहर सुमारे ८८० कोटी वर्षांपूर्वी निघाली होती. तेव्हा आपली पृथ्वी नव्हती आणि सूर्यही नव्हता. ती लहर हायड्रोजन वायूची होती. हायड्रोजन विश्वात सर्वांत जास्त आढळतो आणि त्याचे अणू एका ठराविक लांबीची रेडिओलहर बाहेर टाकतात. ही लांबी २१ सेंटिमीटर आहे. खोडदचा हायड्रोजन असो की त्या दीर्घिकेतला, लांबी तीच.

पण खोडदला पोचलेल्या लहरीची लांबी २१ सेंटिमीटर नव्हती. ती ४८ सेंटिमीटर होती! तुमच्या वर्गातली ३० सेंटिमीटरची पट्टी घ्या. निघतानाची लहर तिच्यावर मावते. पोचलेली लहर मावत नाही.

असे का व्हावे? यासाठी घरी एक प्रयोग करा. सायकलच्या जुन्या ट्यूबची एक पट्टी कापा. तिच्यावर खडूने नागमोडी रेघ काढा आणि पट्टीची दोन्ही टोके धरून ती ताणा. रेघेची वळणे एकमेकांपासून दूर जातील. रेघ तीच राहील, वळणे तेवढीच राहतील, पण दोन वळणांमधले अंतर वाढेल. या अंतराला तरंगलांबी म्हणतात. विश्वात असेच घडत आहे. दूरच्या दीर्घिका एकमेकींपासून लांब जात आहेत, हे एडविन हबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १९२९ साली निरीक्षणांतून दाखवले. दीर्घिकांमधली जागाच पसरत आहे आणि त्या जागेतून प्रवास करणारी लहरही ताणली जात आहे. त्याच दीर्घिकेचा डोळ्यांना दिसणारा प्रकाशसुद्धा तितक्याच पटीने ताणलेला आढळला होता, म्हणून शास्त्रज्ञांना आकड्याची खात्री होती. (नाशिक आणि पुणे यांतले अंतर मात्र यामुळे वाढत नाही. पृथ्वी, सूर्यमाला आणि आपली आकाशगंगा आपापल्या बलांनी घट्ट बांधलेल्या आहेत. एस.टी.चे भाडे वाढते त्याचे कारण वेगळे आहे.)

आता खरी अडचण येते. प्रकाश असो वा रेडिओलहर, तिची ऊर्जा लहान लहान पुड्यांमध्ये असते. या पुडीला फोटॉन म्हणतात. तरंगलांबी जितकी जास्त, तितकी एका फोटॉनची ऊर्जा कमी. लांबी दुप्पट झाली तर ऊर्जा निम्मी होते. मग २१ चे ४८ झाल्यावर किती उरेल? हिशेब सोपा आहे. निघताना फोटॉनच्या खिशात १ रुपया होता असे समजा. खोडदला पोचला तेव्हा त्याच्याकडे सुमारे ४४ पैसे होते. उरलेले ५६ पैसे कुठे गेले?

तुम्ही म्हणाल, "वाटेत धुळीने शोषले असतील." पण धूळ फोटॉन गिळते, तेव्हा तो पूर्ण नाहीसा होतो. धुळीमुळे फोटॉनांची संख्या कमी होईल. जे पोचतील ते ताणलेले असणार नाहीत. इथे तर पोचलेला प्रत्येक फोटॉन सारख्याच प्रमाणात ताणलेला आहे.

तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम आहे. ऊर्जा म्हणजे तवानाई. अक्षय्यता म्हणजे न संपता टिकून राहणे. उर्दूत त्याला बका म्हणतात. ऊर्जा निर्माण करता येत नाही आणि नष्टही करता येत नाही, तिचे फक्त रूप बदलते, असे हा नियम सांगतो. नाशिकजवळ एकलहरे येथे औष्णिक वीजकेंद्र आहे. तिथे कोळसा जळतो, पाण्याची वाफ होते, वाफेने चाके फिरतात आणि वीज तयार होते. ती वीज राज्यभर पसरलेल्या तारांच्या जाळ्यात मिसळते. अशाच विजेवर मालेगावचे यंत्रमाग खडखडत असतात. कोळशातली सगळी ऊर्जा मागापर्यंत पोचत नाही. बरीचशी उष्णता धुराड्यातून आणि थंड करण्याच्या मनोऱ्यांतून हवेत जाते, काही तारा तापण्यात जाते, मागाच्या आवाजातही थोडी जाते. पण एकूण बेरीज केली तर ती जुळते.

हा नियम शास्त्रज्ञांनी सहजासहजी सोडलेला नाही. काही अणूंमधून इलेक्ट्रॉन बाहेर पडतात तेव्हा ऊर्जेचा हिशेब जुळत नाही, असे १९२० च्या दशकात दिसून आले. काही नामवंत शास्त्रज्ञांना वाटले की नियमच इथे मोडत असावा. पण १९३० साली वोल्फगांग पाउली यांनी सांगितले की एक न दिसणारा कण उरलेली ऊर्जा घेऊन जात असला पाहिजे. तो कण म्हणजे न्यूट्रिनो. तो प्रत्यक्ष सापडायला १९५६ साल उजाडले. हिशेब अखेर जुळला. म्हणून आपल्या ५६ पैशांचाही असाच कोणी लपलेला धनी असेल, असे वाटणे साहजिक आहे.

चला, त्याला शोधू या. सायकलच्या चाकात हवा भरताना पंप गरम होतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की तिची ऊर्जा वाढते, कारण तुमचा हात तिच्यावर काम करतो. उलट, दाबलेल्या हवेने पंपाचा दट्ट्या मागे ढकलला तर ती थंड होते, कारण आता ती दट्ट्यावर काम करते. हवेने गमावलेली ऊर्जा दट्ट्याला मिळते. विश्वातला प्रकाशही पसरताना असाच थंड होतो. पण विश्वाला दट्ट्या कुठे आहे? विश्वाला भिंत नाही. कोणत्याही भागाच्या शेजारी तसाच दुसरा भाग आहे आणि सगळे भाग एकाच वेळी पसरत आहेत. प्रत्येकजण देत असेल तर घेणारा कोण?

आणि हा प्रश्न एका दीर्घिकेच्या फोटॉनांपुरता नाही. १९६५ साली अमेरिकेत आर्नो पेंझियास आणि रॉबर्ट विल्सन यांना आकाशाच्या सर्व दिशांनी येणारी एक मंद रेडिओ खरखर सापडली. ते विश्वाच्या बालपणीचे प्रारण होते. ते मोकळे झाले तेव्हा विश्व सुमारे ३००० अंश केल्व्हिन इतके तप्त होते. आज त्याचे तापमान केवळ २.७ अंश केल्व्हिन आहे, म्हणजे बर्फापेक्षा कितीतरी थंड. त्याच्या लहरी सुमारे ११०० पट ताणल्या गेल्या आहेत. हे फोटॉन आजही तुमच्या वर्गात आहेत. प्रत्येक घन सेंटिमीटरमध्ये सुमारे ४१०! एका फोटॉनकडे रुपयातला पूर्ण पैसासुद्धा उरलेला नाही. एवढी प्रचंड ऊर्जा गेली आणि तिला घेणारा कोणताही न्यूट्रिनो सापडलेला नाही.

तेव्हा आपण प्रश्नच थोडा बदलू या. ऊर्जा टिकते, पण ती का टिकते? पुस्तकात नियम असतो, त्याचे कारण बहुधा नसते. हे कारण एका स्त्रीने शोधले. तिचे नाव एमी नोएदर. जर्मनीतील एर्लांगेन येथे १८८२ साली तिचा जन्म झाला. ती मोठी गणिती होती, पण त्या काळी स्त्रीला विद्यापीठात प्राध्यापकाची जागा मिळत नसे. ग्योटिंगेन विद्यापीठात तिची व्याख्याने डाव्हिड हिल्बर्ट या गणितज्ञाच्या नावाने जाहीर होत. आइन्स्टाइनने १९१५ साली गुरुत्वाकर्षणाचा नवा सिद्धांत मांडला, तेव्हा त्यात ऊर्जेचा हिशेब कसा बसवायचा हे हिल्बर्टलाही उमगेना. त्याने नोएदरची मदत मागितली. १९१८ साली तिने उत्तर छापले. काळ बदलला तरी परिस्थितीचे नियम बदलत नसतील, तरच ऊर्जा टिकते, असे तिने सिद्ध केले.

हे एका उदाहरणाने पाहू. समजा, पृथ्वीचे गुरुत्वाकर्षण रोज सकाळी कमी आणि दुपारी जास्त झाले असते. मग एखाद्या हुशार शेतकऱ्याने काय केले असते? सकाळी बादल्या हलक्या असताना त्याने विहिरीचे पाणी वर काढून हौदात भरले असते. दुपारी पाणी जड झाल्यावर ते पुन्हा विहिरीत सोडून त्यावर जाते फिरवले असते. वर काढायला कमी श्रम आणि खाली पडताना जास्त काम! रोज फुकटची ऊर्जा मिळाली असती. असे होत नाही, कारण सकाळचे आणि दुपारचे गुरुत्वाकर्षण सारखेच आहे. काल, आज आणि उद्या सारखे आहेत म्हणून ऊर्जेचा हिशेब जुळतो.

आता विश्वाकडे पाहा. पसरणाऱ्या विश्वात काल आणि आज सारखे नाहीत. काल दीर्घिका जवळ होत्या, आज त्या दूर आहेत. ज्या जागेतून लहर जाते ती जागाच बदलते आहे. म्हणजे नोएदरची अटच पूर्ण होत नाही. मग सगळ्या विश्वाची एकूण ऊर्जा कायम राहील अशी हमी कुणी दिली? कुणीच नाही. हरवलेल्या ५६ पैशांचा धनी सापडत नाही याचे कारण हेच आहे.

पण थांबा, याचा अर्थ निसर्गात गोंधळ आहे असा नाही. छोट्या जागेत आणि थोड्या वेळात हिशेब अगदी काटेकोर जुळतो. हे समजण्यासाठी मनमाड स्थानकावर जाऊ. तुम्ही धावत्या गाडीत बसला आहात. शेजारच्या प्रवाशाला विचारले तर तो म्हणेल, तुम्ही स्थिर आहात, तुमच्याकडे गतीची ऊर्जा नाही. फलाटावरचा हमाल म्हणेल, तुम्ही वेगाने चालला आहात, तुमच्याकडे भरपूर ऊर्जा आहे. दोघेही खरे सांगतात. ऊर्जा किती, हे मोजणारा कुठे उभा आहे यावर अवलंबून असते. म्हणून बेरीज करायची तर सर्वांची ऊर्जा एकाच फलाटावरून मोजली पाहिजे. विश्वात असा सर्वांसाठी एक फलाट नाही. प्रत्येक दीर्घिका म्हणजे वेगळी गाडी आणि प्रत्येक गाडी दुसरीपासून दूर चालली आहे.

गाडी दूर जाऊ लागली की तिच्या शिट्टीचा आवाज खालच्या पट्टीत ऐकू येतो. शिट्टीत बिघाड झालेला नसतो. आपल्या लहरीचेही असेच आहे. वाटेतल्या पहिल्या दीर्घिकेतल्या कुणी ती मोजली असती तर थोडी लांब भरली असती, कारण तो मोजणारा लहरीच्या घरापासून दूर जात होता. पुढच्याला ती आणखी लांब वाटली असती. असे लाखो मोजणारे ओळीने उभे केले तर शेवटचा खोडदला आहे, आणि त्याच्या पट्टीवर ४८ सेंटिमीटर भरतात. यांपैकी कुणाच्याही अंगणात ऊर्जेची चोरी झालेली नाही. प्रत्येकाचा स्वतःचा हिशेब बरोबर आहे. फक्त सगळ्यांच्या वह्या एकत्र करून एक बेरीज मांडता येत नाही.

काही शास्त्रज्ञ हे वेगळ्या शब्दांत सांगतात. ते म्हणतात, गेलेली ऊर्जा गुरुत्वाकर्षणाच्या खात्यावर जमा धरा, मग बेरीज जुळते. तसे मांडता येते. पण त्या खात्यातली शिल्लक विश्वाच्या एखाद्या जागी बोट ठेवून दाखवता येत नाही. मला तर जुळवण्यासाठी जुळवलेल्या हिशेबापेक्षा "अशी एकूण बेरीज नसतेच" हे सरळ उत्तर बरे वाटते. आकडे मात्र दोन्ही बाजूंचे एकच असतात.

या प्रश्नाशी आयुष्यभर झुंजलेल्या एका मराठी शास्त्रज्ञाचा नाशिकने सन्मान केला आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. त्याचे अध्यक्ष होते डॉ. जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते स्वतः येऊ शकले नाहीत. त्यांच्या विज्ञानकथा मराठी वाचकांना चांगल्या ठाऊक आहेत, पण तरुणपणी त्यांचे नाव जगात गाजले ते विश्वाविषयीच्या संशोधनामुळे.

त्यांचा जन्म १९३८ साली कोल्हापूरला झाला आणि शिक्षण बनारस व केंब्रिज येथे झाले. केंब्रिजला त्यांचे गुरू होते फ्रेड हॉईल. विश्व पसरत असले तरी ते सदैव सारखेच दिसते, असे हॉईल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४८ साली मांडले होते. दीर्घिका दूर गेल्यावर मधल्या रिकाम्या जागेत नवे पदार्थ अगदी सावकाश निर्माण होतात, असे त्यांचे म्हणणे होते. यावर टीकाकार तुटून पडले. पदार्थ म्हणजेही ऊर्जाच. ती शून्यातून आली कशी? तुम्ही अक्षय्यतेचा नियम मोडता!

हॉईल आणि नारळीकर यांनी १९६० च्या दशकात या आक्षेपाला गणिताने उत्तर दिले. विश्वात एक निर्मितिक्षेत्र आहे आणि त्याची ऊर्जा ऋण आहे, असे त्यांनी मानले. एखाद्याने शंभर रुपये कर्ज घेतले तर हातात शंभर येतात आणि वहीत शंभरांचे देणे लिहिले जाते. बेरीज शून्यच राहते. तसेच पदार्थ निर्माण झाला की क्षेत्राची ऋण ऊर्जा वाढते. नारळीकर उलट विचारत : महास्फोटात सगळे विश्व एका क्षणात निर्माण झाले असे तुम्ही मानता, तेव्हा तुमचा अक्षय्यतेचा नियम कुठे जातो? प्रश्न बिनतोड होता. मात्र १९६५ साली सापडलेल्या त्या मंद प्रारणाने बहुतेक शास्त्रज्ञांना महास्फोटाच्या बाजूला नेले. ते निर्मितिक्षेत्र कुणाला सापडले नाही. नारळीकरांनी तरीही आपली शंका सोडली नाही. १९९३ साली त्यांनी हॉईल आणि जेफ्री बर्बिज यांच्यासह सुधारलेला सिद्धांत मांडला. पुण्याची आयुका ही खगोलविज्ञानाची संस्था १९८८ साली त्यांच्याच पुढाकाराने स्थापन झाली. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले.

दरम्यान, १९९८ साली आणखी एक नवल समजले. विश्वाचे पसरणे मंदावत नसून त्याचा वेग वाढत आहे. याला कारण असलेल्या गोष्टीला कृष्ण ऊर्जा असे नाव पडले आहे. रिकाम्या जागेचीच ही ऊर्जा असेल, तर जागा वाढेल तशी तीही वाढत जाईल. म्हणजे प्रकाशाची ऊर्जा घटते आणि हिची वाढते! पण प्रकाशाने गमावलेली ऊर्जा हिला मिळते असे समजू नका. हे दोन आकडे एकमेकांशी जुळत नाहीत.

आता तुमच्या मनात एक शंका आली असेल. परीक्षेत काय लिहायचे? पुस्तकातला नियम आहे तसाच लिहा. एकलहऱ्याच्या भट्टीत, मालेगावच्या मागावर आणि तुमच्या प्रयोगशाळेत तो तंतोतंत खरा आहे, आणि प्रश्नपत्रिका तिथलेच विचारते. पंचवटीत लावलेल्या विजेरीचा प्रकाश नाशिकरोडला दिसला तर विश्वाच्या पसरण्यामुळे त्याची ऊर्जा मुळीच कमी झालेली नसते.

ती ४८ सेंटिमीटरची लहर वाटेतल्या दुसऱ्या एका दीर्घिकेच्या गुरुत्वाकर्षणाने भिंगासारखी एकवटली होती. त्यामुळे ती सुमारे ३० पट ठळक झाली, म्हणून ती टिपता आली. पुढच्या वेळी पुण्याला जाल तेव्हा नारायणगावच्या आसपास पूर्वेकडे नजर ठेवा. दूरवर एखादी तबकडी दिसेल. हायड्रोजनच्या अशा कितीतरी लहरी तेव्हाही तिच्या जाळीवर येऊन पडत असतील. कुणी २१ ची ३० झालेली, कुणी ४० झालेली.